उन्हाळ्यातील हिरवे पान

होळी होऊन गेली की आमच्या आदिलाबादच्या मुलखात वाऱ्याचा स्पर्श बदलतो. शेतातील कापूस घरी आलेला असतो, तुरीची झोडणी झालेली असते आणि काळ्या रानाला भेगा पडू लागतात. परसातील मेथी, पालक आणि कोथिंबीर यांची तर दशा पाहवत नाही. कालपरवापर्यंत लुसलुशीत असलेली रोपे एकाएकी उंच होतात, फुलावर येतात आणि त्यांची पाने कडू व चिवट होऊन जातात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही पलीकडे जातो. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीची किंमत विचारून गृहिणी मुकाट्याने पुढे चालू लागते. मग मृगाचा पाऊस येऊन रानभाज्या उगवेपर्यंत दोन-अडीच महिने घरच्या ताटात वरण, भाकरी, लोणचे आणि वाळवण एवढेच असते. हिरवे पान औषधालाही सापडत नाही.

“उन्हाळ्यात भाजीपाला होतच नाही,” असे पुष्कळ घरी ऐकावयास मिळते. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. उन्हाळ्यात हिवाळ्याची भाजी होत नाही, इतकेच त्यातले खरे. उन्हाळ्याला त्याची स्वतःची पाने आहेत. ती कोणती, ती थोडक्या पाण्यात कशी वाढवावीत आणि ताटात ती असणे इतके अगत्याचे का, याचा विचार आज आपण करू.

हा प्रश्न केवळ चवीचा नव्हे

सन १९२८ मध्ये डॉ. लूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना एका विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होत असे. त्याचे कारण शोधून काढणे हे त्यांचे काम होते. या स्त्रियांचा आहार निकृष्ट असे, आणि दोष तेथेच असावा हे डॉ. विल्स यांनी ओळखले. यीस्टचा अर्क दिल्याने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे मात्र त्या वेळी कोणास सांगता येईना. पुढे १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी विलायती पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे केले. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून त्याचे नाव पडले फोलिक अ‍ॅसिड.

आज गरोदर स्त्रियांना आरोग्यकेंद्रातून जी गोळी मिळते, तिच्यात लोहाबरोबर हेच द्रव्य असते. म्हणजे मुंबईच्या गिरणकामगार स्त्रियांच्या आजारातून आणि एका पालेभाजीच्या पानांतून ती गोळी जन्मास आली. आमच्या भगिनींनी ती गोळी कधीही चुकवू नये. पालेभाजी हवी ती गोळीच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे. परंतु ज्या घरात गरोदर सून आहे, अंगावर पिणारे मूल आहे किंवा झपाट्याने वाढणाऱ्या मुली आहेत, त्या घराने वर्षातील अडीच महिने हिरव्या पानावाचून काढावेत, हे काही ठीक नाही. गर्द हिरव्या पानांत दृष्टीला उपकारक असा ‘अ’ जीवनसत्त्वाचा अंशही असतो. तो अंगी लागावा म्हणून भाजीला थोडे तेल हवेच. आपली लसणीची फोडणी ते काम आपोआप करते. मात्र पाला तासभर शिजवून त्याचे पाणी फेकून दिले, तर फोलिक अ‍ॅसिडचा बराच भाग त्या पाण्याबरोबर मोरीत जातो. पाला बेताचा शिजवावा व त्याचे पाणी वरणात घालावे.

रोप अवेळी फुलावर का येते?

मेथी-कोथिंबिरीला पाणी कमी पडले म्हणून ती फुलावर आली, असा समज सर्वत्र आहे. पाण्याचा ताण हे त्यातील एक कारण खरे, परंतु मुख्य कारण आभाळात आहे. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली असे दाखवून दिले की, पुष्कळ वनस्पती दिवसाची लांबी ओळखतात आणि त्याप्रमाणे फुलतात. आपल्या भागात डिसेंबरातील दिवस अकरा तासांच्या आतबाहेर असतो, तर जूनमधील दिवस सव्वातेरा तासांच्या घरात जातो. दिवस मोठा होत चालला आणि त्यात उष्मा वाढला की मेथी, पालक व कोथिंबीर यांना बी धरण्याची घाई होते. अशा रोपाला हंड्यामागून हंडा पाणी घातले, तरी ते पुन्हा पानाकडे वळत नाही.

अंबाडी, मायाळू आणि माठाच्या पुष्कळ जाती यांचा स्वभाव याच्या उलट आहे. त्यांना फुलावयास लहान दिवस लागतात. त्यामुळे उन्हाळ्याच्या लांबलचक दिवसांत त्या पानांवर पाने देत राहतात. माठाच्या अंगी आणखी एक गुण आहे. हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात ऊसासारख्या वनस्पतींची अन्न तयार करण्याची एक निराळी रीत उजेडात आणली. या रीतीत कडक उन्हात, थोड्या पाण्यावर अधिक वाढ साधते. ज्वारी व मका यांची रीत हीच, आणि माठाचीही हीच. जे ऊन कोथिंबिरीला भाजून काढते, ते माठाला मानवते, त्याचे रहस्य हे आहे.

उन्हाळ्याची पाने

भाज्यांची माहिती देताना आम्ही मराठीबरोबर तेलुगू नावेही देत आहोत, त्याला कारण आहे. राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते सीमेपलीकडे गेले. २०१६ साली उरलेल्या आदिलाबादचेही आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. सीमा बदलल्या तरी परसातील भाज्या त्याच राहिल्या. पैनगंगेच्या काठी, जैनथ-बेलाकडील घरांत भाजीचे नाव मराठी असते, आणि बियाण्याच्या पुडीवर ते तेलुगू असते. दोन्ही ठाऊक असलेली बरी.

माठ, म्हणजेच तोटकूर, हा उन्हाळी वाफ्याचा राजा होय. त्याचे बी मोहरीहूनही बारीक असते, म्हणून ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून विस्कटावे आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. बी खोल गेले तर उगवत नाही. सुमारे पंचवीस दिवसांत पहिली कापणी मिळते. कापताना रोप उपटू नये. खाली दोन-तीन पेरी राखून वरचा शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून नवे फुटवे येतात. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेली ‘अर्का सुगुणा’ ही जात अशा वारंवार कापणीसाठीच प्रसिद्ध आहे.

मायाळू, म्हणजेच बच्चली, हिला काही घरी पोई म्हणतात. हिचे हातभर कांडे दोन पेरी मातीत जातील असे लावले की पुरे. वेल मांडवावर चढते, स्वतः भाजी देते आणि खालच्या वाफ्याला सावलीही देते. हिची भजी मुलांना विशेष आवडतात.

अंबाडी म्हणजे गोंगूर. तेलंगणात तिलाच पुंटीकूर म्हणतात. हिचे बी रात्रभर भिजवून फाल्गुन-चैत्रात पेरावे. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. तूरडाळ व कण्या घालून शिजविलेली, वर लसणीची फोडणी घेतलेली अंबाडी आणि ज्वारीची भाकरी यांचे गोत्र आमच्या वाचकांना सांगावयास नको. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी याहून साधे व याहून रुचकर जेवण ते कोणते?

घोळ, म्हणजे गंगवायिलीकूर. ही तर न पेरता येते, आणि आपण तिला तण म्हणून उपटून टाकतो. पाण्याची ओढ असली म्हणजे ही वनस्पती दिवसा पानांची छिद्रे मिटून घेते आणि हवेतील वायू रात्री आत घेते. त्यामुळे तिच्या अंगचे पाणी उडून जात नाही. वाफ्याच्या बांधावर तिला राहू द्यावे. मात्र घोळ, माठ व पालक यांत ऑक्झॅलिक आम्ल असते. ज्यांना मूतखड्याचा विकार आहे, त्यांनी या भाज्या वैद्याच्या सल्ल्याने बेतानेच खाव्यात.

एका हंड्याचा हिशेब

आता मुख्य अडचण पाण्याची. भर उन्हाळ्यात पानांनी भरलेल्या, उघड्यावरच्या वाफ्यातून दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे सात-आठ लिटर पाणी उडून जाते. दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असा वाफा धरला, तर त्याला रोज पंधरा लिटरांच्या आसपास, म्हणजे एक हंडा पाणी लागते. आकडा लहान दिसतो, परंतु तो हंडा कोणाच्या डोक्यावरून येतो? मिशन भगीरथ योजनेने घरोघर नळ पोहोचविण्याचे काम २०१६ पासून हाती घेतले. तथापि ते पाणी पिण्यासाठी आहे, आणि विहिरी आटल्यावर इतर कामांचे पाणी दूरवरून आणणे बहुतेक घरी स्त्रियांच्याच माथी येते. आईच्या अंगी रक्त भरावे म्हणून लावलेला वाफा आईच्याच डोक्यावर आणखी एक हंडा चढवीत असेल, तर त्या घराचा हिशेब कोठेतरी चुकला आहे असे आम्ही म्हणू.

हा हिशेब सुधारण्याचे मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग सावलीचा. दुपारच्या उन्हापासून वाफा अर्धवट झाकला, पश्चिमेकडून येणारी झळ अडविली आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घातले, तर पाण्याची गरज जवळजवळ निम्म्यावर येते. बाजारात हिरवी जाळी मिळते. निम्मे ऊन अडविणारी जाळी पुरेशी आहे, त्याहून दाट नको. परंतु आमच्या कापसाच्या मुलखात जाळीवाचूनही काम भागते. तुराट्यांचा ताटवा बांधून तो डोक्याहून थोड्या अधिक उंचीवर घातला की उत्तम मांडव होतो. पऱ्हाट्याही चालतात, पण एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या शेतात उतरते. म्हणून ती बोंडे एकूण एक तोडून जाळून टाकावीत, आणि हे होणार नसेल तर तुराट्याच वापराव्यात. माठाला मात्र सकाळचे ऊन भरपूर मिळू द्यावे. मांडव दुपारसाठी आहे, दिवसभरासाठी नव्हे. आच्छादनाखाली वाळवी दिसू लागल्यास ते हलवून माती उन्हाला दाखवावी.

दुसरा मार्ग एकदा वापरलेल्या पाण्याचा. तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेले पाणी पाच-सहा माणसांच्या घरी रोज अर्धा हंडा तरी सहज जमते. त्यात साबण नसतो, मीठ नसते. ते एका घमेल्यात धरून संध्याकाळी वाफ्याला द्यावे. सावलीने गरज निम्म्यावर आली आणि हे पाणी जमले, की वाफ्यासाठी डोक्यावरून वेगळा हंडा आणण्याचे कारणच उरत नाही. न्हाणीचे साबणाचे पाणी मात्र पालेभाजीला कधीही घालू नये. ते केळीच्या किंवा पपईच्या आळ्यात सोडावे.

तिसरा मार्ग मडक्याचा. न भाजलेले नव्हे, चांगले भाजलेले पण झिलई न दिलेले मातीचे मडके वाफ्याच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर झाकणी ठेवावी. भोवतालची माती जसजशी सुकते, तसतसे मडके पाझरते. माती ओली असेल तर पाझर आपोआप मंदावतो. ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात तिचे वर्णन आहे. मडक्याच्या कडेने मायाळू, अंबाडी किंवा पुदिना लावावा. पाणी मुळांशी जाते, वर उडून जात नाही, आणि दोन-तीन दिवसांतून एकदा मडके भरले की भागते.

पाणी नेहमी सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. रोज शिंपडल्याने वरची इंचभर माती ओली होते व मुळे वरच राहतात. माठ-अंबाडी रुजल्यावर एक दिवसाआड परंतु भरपूर पाणी दिलेले अधिक चांगले. कुंपणाला बोराटीच्या फांद्या लावण्यास विसरू नये. उन्हाळ्यात शेळ्या मोकाट सुटतात, आणि गावातील एकुलता एक हिरवा वाफा त्यांना कोसावरून दिसतो.

कोथिंबीर आणि पुदिना

या दोहोंवाचून गृहिणीचे चालत नाही, म्हणून त्यांच्यापुरता थोडा लाड करावा. धन्याचे एक फळ म्हणजे दोन बिया. ते हलक्या हाताने रगडून त्याच्या दोन फाकी कराव्यात, दहा-बारा तास भिजवाव्यात आणि ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस पाण्याच्या रांजणाच्या बुडाशी ठेवाव्यात. कोथिंबिरीला उगवावयास गार माती लागते, आणि उन्हाळ्यात घरातील सर्वांत गार जागा तीच. मग मायाळूच्या वेलाखाली, सावलीत पेरावे. ही कोथिंबीर महिनाभराची झाली की सगळी कापून घ्यावी. ती टिकविण्याच्या मोहात पडू नये, कारण त्यानंतर ती फुलणारच. मोठा वाफा एकदा पेरण्यापेक्षा दर दहा-बारा दिवसांनी हातभर पट्टी पेरणे शहाणपणाचे.

पुदिन्याचे बी शोधीत बसू नये. बाजारातील जुडीतील जाड कांड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळे फुटतात. रांजणाखाली जेथे थेंबथेंब पाणी सांडते, तेथे त्या लावाव्यात. शेजारी गवती चहाचे एक ठोंब लावले, तर त्याच पाण्यावर तेही जगते.

घोळाण्यासाठी कच्चे पान

जेवताना बारीक चिरलेल्या कच्च्या पाल्यात दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल कालवून केलेला घोळाणा आपल्याकडे कोणास ठाऊक नाही? शहरात सॅलड म्हणून लेट्यूसची पाने खातात. ती आपल्या उन्हाळ्यात लावण्याच्या खटपटीत पडू नये. माती ३० अंशांहून अधिक तापली की लेट्यूसचे बी झोपी जाते आणि उगवतच नाही. त्याऐवजी मुंबईच्या किनाऱ्यावरील समुद्रमेथीचा धडा घ्यावा. तेथे वाळूत मेथी दाट पेरून ती बोटभर उंचीचीच असताना उपटतात व जुड्या बांधून विकतात. आपणही जुन्या घमेल्याला बुडाशी भोके पाडून त्यात वाळू व कुजलेले खत भरावे, दाट मेथी पेरावी आणि ते ओसरीच्या सावलीत ठेवावे. दहा-बारा दिवसांत ती कापावी. फुलावर येण्याइतका अवकाशच तिला द्यावयाचा नाही. बाळंतिणीसाठी आणलेल्या अळिवांतील चिमूटभर याच रीतीने पेरले, तर त्यांची झणझणीत कोवळी पानेही आठवड्याभरात मिळतात. घरातील कोंब फुटलेले कांदे मातीत खोचले की पातही मिळते. या सर्वांना रोज दोन पेले पाणी पुरते.

कच्च्या खावयाच्या पाल्याला ताजे शेण किंवा मोरीचे पाणी कधीही लागू देऊ नये. त्यातून जंत व विषमज्वर घरात येतात. खत वर्षभर कुजलेलेच वापरावे आणि पाला दोन-तीन पाण्यांनी धुवावा. ते धुतलेले पाणी पुन्हा वाफ्यालाच द्यावे, हे सांगणे न लगे.

ज्या भाजीला पाणीच लागत नाही

ज्या घरी खरोखरच एक थेंब पाणी शिल्लक राहत नाही, त्या घराने काय करावे? त्याने झाडाकडे पाहावे. शेवग्याची मुळे खोल जातात. शेंगा निघाल्यावर फांद्या छाटल्या की भर उन्हाळ्यात कोवळा पाला फुटतो. तेलुगू घरांत त्याला मुनगाकू म्हणतात. शेवग्याचा पाला गुणाने कोणत्याही पालेभाजीच्या मागे नाही. चैत्र-वैशाखात चिंचेला तांबूस-हिरवी पालवी येते. तेलंगणातील घरोघरी ती डाळीत घालतात, आणि तिचा आंबटपणा उन्हात गेलेली भूक परत आणतो. कढीपत्ताही याच दिवसांत नवी पाने धरतो. या तीन झाडांना लहानपणी दोन-तीन उन्हाळे पाणी दिले की पुढे ती आपल्याकडे काही मागत नाहीत. ज्यांच्या अंगणात शेवगा नाही, त्यांनी येत्या पावसाच्या तोंडी त्याची मनगटाएवढी फांदी रोवून ठेवावी.

तेव्हा यंदा प्रत्येक घराने निदान एवढे करावे: दोन मीटर बाय एक मीटरचा एक वाफा, त्यावर तुराट्यांचा मांडव, मांडवावर मायाळू, खाली माठ आणि अंबाडी, कोपऱ्यात हातभर कोथिंबीर, रांजणाखाली पुदिना आणि ओसरीवर मेथीचे एक घमेले. वाफा खणणे, मांडव घालणे आणि संध्याकाळी पाणी देणे ही कामे घरातील पुरुषमंडळींनी व मुलांनी आपल्याकडे घ्यावीत. गृहिणीकडे फक्त भाजी खुडण्याचे काम ठेवावे. माठाची आणि अंबाडीची दोन-दोन जोमदार रोपे न खुडता राखून ठेवावीत. पावसाळा संपल्यावर ती बी देतील, आणि ज्या शेजाऱ्याच्या घरी यंदा वाफा नव्हता, त्याला मूठभर बी पुढच्या होळीपूर्वी पोहोचते करता येईल.

आपल्या गावी उन्हाळ्यात तग धरणारी याखेरीज आणखी एखादी पालेभाजी असल्यास ती वाचकांनी आम्हांस अवश्य कळवावी. तिचे मराठी नाव, तेलुगू किंवा गोंडी नाव आणि ती शिजविण्याची घरची रीत लिहून पाठविल्यास या सदरात तिला आनंदाने जागा देऊ.